कर्करोगाच्या रुग्णाला काट्यावर उभं करा : आरोग्यमंत्र्यांना एक खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई

विषय : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या कर्करोगाच्या उपचारांत पोषण आणि स्नायूंची जपणूक यांचा समावेश करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आबांचं वजन आम्ही हळदीच्या काट्यावर केलं.

आबा म्हणजे माझे वडील. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं हमाली केली. तपासणीच्या तुकड्याचा रिपोर्ट आला आणि गालाच्या आतल्या जखमेला कर्करोग हे नाव मिळालं, त्या दिवशी ते नेहमीप्रमाणे यार्डात गेले, अडत दुकानातल्या ज्या काट्यावर रोज पोती चढवायचे त्यावर स्वतः उभे राहिले आणि तोलाईवाल्याला म्हणाले, "बघ रं, किती भरतोय मी." ६८ किलो ४०० ग्रॅम. मी एका पतसंस्थेत कारकून आहे, आकडा दिसला की लिहून ठेवायची सवय हाताला आहे. तो आकडा मी एका वहीत लिहिला. नंतर दर रविवारी लिहीत गेले. हे पत्र त्या वहीवरून लिहीत आहे.

आधी ऋण मान्य करते. आबांची जबड्याची शस्त्रक्रिया, शेक म्हणजे किरणोपचार, केमोची सलाइनं, सगळं आपल्या योजनेतून झालं. पिवळं रेशनकार्ड आणि आधार यांवर एवढे मोठे उपचार झाले नसते तर आम्हाला राहतं घर विकावं लागलं असतं. आता तर ही योजना सगळ्या रेशनकार्डधारकांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. त्यामुळे हे पत्र तक्रार म्हणून वाचू नये. ज्या योजनेने माझ्या बापाला वाचवलं तिच्यात एक भोक राहिलं आहे, आणि त्या भोकातून उपचारांचं मोल गळून जातं. ते आपल्या नजरेस आणून द्यायचं आहे.

वहीतले आकडे असे आहेत. शस्त्रक्रियेनंतर घरी आले तेव्हा ६३.९. टाके सुकून शेक सुरू झाले त्या आठवड्यात ६२. शेकांच्या तिसऱ्या आठवड्यात ५७. म्हणजे साधारण तीन महिन्यांत अकरा किलोंहून जास्त, मूळ वजनाचा सहावा हिस्सा. या तीन महिन्यांत त्यांच्या केसपेपरवर वजनाचा रकाना दोनदा भरला गेला, दोन्ही वेळा केमोच्या औषधाची मात्रा काढायला. घटलं किती, का घटलं, त्याचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. डॉक्टर वाईट नव्हते. एकेका ओपीडीत दीडशे माणसं बसलेली असताना ते गाठ बघायचे, रक्ताचा रिपोर्ट बघायचे आणि पुढच्या माणसाला बोलवायचे. वजन हे कुणाचंच काम नव्हतं.

मला तेव्हा वाटायचं की खाणं कमी झालंय म्हणून बारीक होतायत, उपचार संपले की भरून निघेल. शेजारपाजारचेही तेच म्हणायचे. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला फार उशिरा कळलं. साध्या उपासमारीत शरीर शहाणपणाने वागतं. ते आधी चरबी जाळतं, स्नायू शक्यतो राखतं. कर्करोगात तसं होत नाही. गाठ आणि तिच्याशी झगडणारं शरीर मिळून रक्तात दाह पेटता ठेवतात. त्या दाहामुळे भूक मरते आणि स्नायूंची मोडतोड चालूच राहते, चरबी शिल्लक असली तरी. याला डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात. २०११ साली या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याची व्याख्या ठरवली : सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त घटणं, आणि आधीच किरकोळ असलेल्या माणसाच्या बाबतीत दोन टक्क्यांहून जास्त. त्याच व्याख्येत आणखी एक वाक्य आहे. नुसत्या नेहमीच्या पोषण-उपचारांनी हे नुकसान पूर्णपणे भरून येत नाही. म्हणजे थांबवायचं असेल तर सुरुवातीलाच थांबवावं लागतं. ६८.४ चे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलोही नाहीत. आबा ती रेघ शस्त्रक्रियेच्या पंधरवड्यातच ओलांडून गेले होते आणि आम्ही सगळे पुढच्या तारखेची वाट बघत होतो.

स्नायू गेले म्हणजे माणूस दिसायला बारीक झाला, एवढंच नसतं. केमोच्या बऱ्याच औषधांची मात्रा उंची आणि वजनावरून काढतात. सारख्याच वजनाच्या दोघांमध्ये एकाच्या अंगावर स्नायू आणि दुसऱ्याच्या अंगावर चरबी असेल, तर तीच मात्रा दुसऱ्याला जास्त झोंबते. उलट्या, पेशी कमी होणं, ताप, आणि मग पुढचं सलाइन लांबणीवर. ज्यांचे स्नायू कमी त्यांना औषधांचा त्रास जास्त, शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती जास्त, हे गेल्या दीड-दोन दशकांत वेगवेगळ्या कर्करोगांत दिसून आलं आहे. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायू किती आहेत हे मोजता येतं. ज्यांचा स्कॅन गाठीसाठी झालेलाच असतो त्यांच्या बाबतीत ही माहिती फाइलमध्ये पडून असते. कुणी वाचत नाही.

आबांच्या बाबतीत जे झालं ते त्याहून साधं आहे. तोंडाच्या कर्करोगाला शेक देताना चेहऱ्यावर, मानेवर घट्ट बसणारा प्लास्टिकचा जाळीदार मास्क करतात. डोकं जराही हलू नये आणि किरण ठरल्या जागीच पडावेत म्हणून. तिसऱ्या आठवड्यात तिथले तंत्रज्ञ म्हणाले, "मास्क सैल झालाय, चेहरा उतरलाय यांचा." नवा मास्क करायचा, नवं नियोजन करायचं. त्यात आबांना चक्कर येऊन पडायला झालं आणि चार दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. आठ दिवस शेक बंद. तोंड-घशाच्या कर्करोगात शेकांमध्ये असा खंड पडणं घातक असतं, कारण त्या दिवसांत उरलेल्या पेशींना सावरायला सवड मिळते. सरकारने शेकांवर खर्च केलेला पैसा त्या आठ दिवसांत थोडा थोडा वाया जात होता, आणि कारण काय, तर पोटात पुरेसं गेलं नव्हतं.

काय जात होतं पोटात? गाल आतून सोलवटलेला, जीभ पांढरी, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. नाकातून नळी घातलेली. नळीतून आम्ही तांदळाची पेज द्यायचो, नारळपाणी द्यायचो, साबुदाण्याची पातळ खीर आणि डाळीचं वरचं पाणी. डाळीच्या पाण्यावर आईचा फार भरवसा. आजाऱ्याला पचायला हलकं म्हणून ती कढत डाळ बसू द्यायची आणि वरचं पिवळं पाणी गाळून घ्यायची. प्रथिनं असायची ती खाली राहिलेल्या डाळीत, आणि ती डाळ आम्ही निरोगी माणसं जेवायचो. हे लिहिताना आजही घशात अडकतं. वहीच्या मागच्या पानावर मी नंतर हिशेब मांडला, तेव्हा दिवसाला पुरती तीस ग्रॅम प्रथिनंही जात नव्हती असं निघालं.

लागत किती होती? निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं असं आपल्याकडची शिफारस सांगते. उपचार चालू असलेल्या कर्करोगाच्या रुग्णासाठी एस्पेन ही युरोपातली पोषणतज्ज्ञांची संस्था किलोमागे एक ग्रॅमहून जास्त आणि जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत सांगते. जोडीला किलोमागे २५ ते ३० कॅलरी. आबांच्या मूळ वजनाला ती प्रथिनं दिवसाला साधारण सत्तर ते शंभर ग्रॅम होतात.

पोषणाच्या पावडरीचा डबा आम्हीही आणला होता. औषधाच्या दुकानदाराने दिलेला, ४०० ग्रॅमचा, ६९० रुपयांचा. डबा लवकर संपू नये म्हणून आई एकाच्या जागी अर्धा चमचा घालायची. आठवडाभराचा डबा आम्ही दोन आठवडे पुरवला आणि आबांना "पावडर चालू आहे" या समाधानात राहिलो. मागचं बारीक लेबल मी खूप नंतर वाचलं. १०० ग्रॅममागे १६ ग्रॅम प्रथिनं, बाकी बरंचसं साखर आणि पिठूळ पदार्थ. म्हणजे एक ग्रॅम प्रथिनाला जवळपास अकरा रुपये. दुसरा एक तेवढाच डबा ११८० रुपयांचा, त्यात १०० ग्रॅममागे ३४. तो महाग दिसतो, पण ग्रॅमला नऊ रुपयांच्या आत पडतो. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम असतात, म्हणजे ग्रॅमला सव्वा रुपयाच्याही आत. फुटाणे आणि शेंगदाणे रुपयाच्याही खाली. साय काढलेल्या दुधाची पावडर दीड रुपयाच्या आसपास. हा हिशेब करायला मला पंधरा मिनिटं लागली. तो करून देणारं माणूस आम्हाला आधीच भेटायला हवं होतं.

ते माणूस भेटलं, पण चक्कर येऊन आबा दाखल झाले तेव्हा. त्या रुग्णालयात एकच आहारतज्ज्ञ होती, वयाने माझ्याहून लहान. सगळ्या वॉर्डांचं जेवण तीच बघायची. ती पलंगाशी आली आणि तिने पहिल्यांदा आबांच्या पोटरीभोवती शिंप्याची टेप गुंडाळली. ३१ सेंटिमीटर. आशियातल्या पुरुषांसाठी ३४ आणि बायकांसाठी ३३ च्या खाली पोटरी गेली की स्नायू घटल्याचा संशय घ्यायचा, हे मला तिने सांगितलं. ती टेप वीस रुपयांची होती.

तिने पेज बंद केली नाही. पेजेत दुधाची पावडर घालायला सांगितली. शिजवलेलं अंडं, भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट आणि दूध मिक्सरमधून काढून दोनदा गाळून घ्यायचं. नाचणीची आंबील दुधात. डाळ सबंध घोटायची, पाणी टाकायचं नाही. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं, घड्याळ लावून. त्याशिवाय जास्त प्रथिनांचा तो दुसरा डबा, दिवसातून दोनदा, पूर्ण मापाने. पण सुरुवातीचे तीन दिवस तिने हात आखडता ठेवायला लावला. बरेच दिवस जेमतेम खाल्लेल्या शरीरात एकदम भरपूर घातलं तर रक्तातले क्षार घसरतात आणि ते जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी रक्त तपासलं. आबांना दर आठवड्याला मिळणारं केमोचं औषध मूत्रपिंडाला त्रास देणारं होतं, त्यामुळे प्रथिनं किती वाढवायची हे तिने डॉक्टरांना विचारूनच ठरवलं. हे सगळं मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. पोषण म्हणजे डबा वाटणं नव्हे, हे आपल्या कार्यालयाला या एका उदाहरणातून दिसावं म्हणून.

आणि तिने व्यायाम दिला. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं. एक लिटर पाण्याची बाटली हातात धरून दंड वर-खाली करायचा. स्नायूंना काम मिळालं नाही तर खाल्लेलं प्रथिन तिथे टिकत नाही, हे तिने आबांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. आबांनी बाटलीकडे बघितलं. या हातांनी त्यांनी हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लावल्या होत्या. पहिल्या दिवशी बाटली सहा वेळा उचलली आणि दमून डोळे मिटून पडले. मग म्हणाले, "पोरी, उद्या सात."

वहीतले पुढचे आकडे : ५६.४, ५६.१, ५५.८, शेवटच्या शेकानंतर ५५.५. वजन वाढलं नाही. पण ज्या वेगाने कोसळत होतं तो वेग थांबला, आणि उरलेले शेक एकही दिवस न चुकता झाले.

एका माणसाच्या वहीवरून राज्याचं धोरण ठरत नाही, हे मला कळतं. म्हणून पोर्तुगालमधला एक अभ्यास सांगते. २००५ साली प्रसिद्ध झालेला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी शेक घेणारे १११ रुग्ण तीन गटांत वाटले. एका गटाला आहारतज्ज्ञाने प्रत्येकाच्या सवयीप्रमाणे नेहमीचंच अन्न कसं घ्यायचं ते बसून समजावलं. दुसऱ्याला जास्त प्रथिनांचं तयार पेय दिलं आणि नेहमीचं खायला सांगितलं. तिसऱ्याला जे जमेल ते खा म्हणून सोडलं. उपचार चालू असताना पहिल्या दोन्ही गटांची प्रथिनं वाढली. पण तीन महिन्यांनी तो फायदा टिकला फक्त पहिल्या गटात, ज्यांच्याशी माणूस बसून बोललं होतं. डबा थांबला की डब्याचा परिणामही थांबला.

मग डबे नकोत का? हवेत, आणि त्याबद्दल मी ठाम आहे. नळीवर असलेल्या, तोंड सोललेल्या, अन्ननलिकेच्या किंवा जठराच्या कर्करोगाच्या रुग्णाला दिवसाला नव्वद ग्रॅम प्रथिनं घरच्या अन्नातून देणं फार कमी घरांना जमतं. धर्मशाळेत किंवा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर राहून शेक घेणाऱ्यांना तर नाहीच. परळला किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत ज्यांनी महिने काढले आहेत त्यांना मी वेगळं सांगायला नको. त्यांच्याकडे मिक्सर कुठला, फ्रिज कुठला. तिथे पाण्यात कालवून घेता येणारी पावडर हेच खरं अन्न असतं. फक्त ती कुणाला, किती, कधीपर्यंत, हे जाणत्या माणसाने ठरवावं.

बाजारात डब्यांवर आता बरंच काही छापलेलं असतं : ल्यूसीन हे अमिनो आम्ल म्हणजे प्रथिनाचा एक घटक, त्यापासून बनणारं एचएमबी, मत्स्यतेलातलं ईपीए हे स्निग्धाम्ल. "स्नायू राखणारं खास सूत्र" असं लिहून दुप्पट किंमत घेतात. एस्पेनने अमिनो आम्लं आणि तसल्या घटकांबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की कर्करोगात स्नायू वाढवण्यासाठी ते द्यावेत एवढा सुसंगत पुरावा नाही. मत्स्यतेलाबद्दल केमो घेणाऱ्या आणि वजन घटणाऱ्या रुग्णांसाठी एक सौम्य शिफारस आहे, तीही पुरावा दुबळा असल्याचं सांगून. तेव्हा सरकारने खरेदी करायची वेळ आली तर भरपूर प्रथिनांची, कमी साखरेची, साधी पावडर घ्यावी. चकचकीत नावाचे पैसे रुग्णाच्या पोटात जात नाहीत.

रुग्णालयाच्या आवारातच आम्हाला दोन जण भेटले होते. एकाने सहा हजारांची "पेशी दुरुस्त करणारी" पावडर दाखवली, साखळी पद्धतीने विकतात तसली. दुसऱ्याने गुळवेलाचा काढा सुचवला, सकाळ-संध्याकाळ पेलाभर. काही दिवस आम्ही तो दिलाही. नंतर वाचलं की २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली आहे. केमो चालू असताना यकृताला आणखी एक ओझं दिलं होतं आम्ही. आणखी एका पाहुण्यांनी "दूध-अंडं बंद करा, प्रोटीननं गाठ वाढते" असं बजावलं होतं आणि आईने आठवडाभर अंडं बंद केलं होतं. सरकारी माणूस गप्प राहतो तेव्हा ती जागा असे लोक भरतात.

आपल्या योजनेत रुग्ण दाखल असेपर्यंत जेवण मिळतं. आबांनाही मिळालं. पण शेक घेणारा माणूस दाखल नसतो. तो सहा-सात आठवडे रोज येतो आणि जातो. केमोही बहुतेक वेळा डे-केअरमध्ये, सकाळी येऊन संध्याकाळी परत. ज्या काळात स्नायू सगळ्यात जास्त झिजतात त्या काळात रुग्ण योजनेच्या ताटाबाहेर असतो. हेच ते भोक. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाचं डे-केअर केंद्र काढायचं जाहीर झालं आहे. फार चांगली गोष्ट आहे, सांगलीच्या माणसाला मुंबईची एसटी धरावी लागणार नाही. पण त्या केंद्रांत खुर्च्या आणि सलाइनचे स्टँड आले आणि आहारतज्ज्ञ आला नाही, तर आजचंच चित्र प्रत्येक जिल्ह्यात उमटेल.

औषधांच्या किमतींचंही तसंच. २०१९ मध्ये केंद्राने कर्करोगाच्या ४२ औषधांवर व्यापाऱ्यांचा नफा ३० टक्क्यांवर बांधला. पोषणाची पावडर कायद्याने औषध नाही, अन्न आहे, त्यामुळे तिला औषधांचं किंमत-नियंत्रण लागू होत नाही. केमोचं औषध स्वस्त झालं आणि ते सोसायला लागणारी ताकद महागच राहिली.

क्षयरोगाच्या बाबतीत आपण हा प्रश्न मान्य केला आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून क्षयरुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये जमा व्हायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० होतात. झारखंडमध्ये झालेल्या रेशन्स या अभ्यासात क्षयरुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ असा शिधा दिला, रुग्णांना दुधाची पावडर आणि तेलही. घरच्यांमध्ये क्षयरोगाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोग म्हणजे क्षय नव्हे, आणि तिथला आकडा जसाच्या तसा इथे लावणं बरोबर होणार नाही. पण आजाराशी लढणाऱ्या गरिबाला औषधाबरोबर अन्नही द्यावं लागतं, हे तत्त्व सरकारने एकदा स्वीकारलं आहे. ते कर्करोगापाशी येऊन का थांबावं?

म्हणून माझी मागणी अशी आहे. योजनेत कर्करोगाच्या उपचारांना मंजुरी मागताना रुग्णालयाला बायोप्सीचा रिपोर्ट जोडावा लागतो, फोटो जोडावे लागतात. त्याच अर्जात वजन, उंची, गेल्या सहा महिन्यांतली घट आणि पोटरीचा घेर हे चार रकाने सक्तीचे करा, आणि केमोच्या प्रत्येक फेरीला व शेकांच्या प्रत्येक आठवड्याला ते पुन्हा भरून घ्या. एवढ्या एका गोष्टीला पैसे लागत नाहीत. रकाना रिकामा असला की बिल अडतं, हे कळलं की रुग्णालयं काटा शोधतील. त्या आकड्यांवरून ज्यांची घट पाच टक्क्यांच्या पुढे गेली, किंवा ज्यांच्या तोंडाला, घशाला, अन्ननलिकेला, जठराला उपचार होणार आहेत, त्यांना पहिल्याच आठवड्यात आहारतज्ज्ञ भेटलाच पाहिजे. आबांना भेटली तशी कोसळल्यावर नव्हे. प्रत्येक डे-केअर केंद्रात हे पद भरलेलं असावं. जोडीला फिजिओथेरपिस्टकडून खुर्चीवरच्या व्यायामाचा एक कागद मिळावा, तो मोठ्या अक्षरांत आणि चित्रांसह.

पैशाच्या बाबतीत, उपचार चालू असेपर्यंत आणि नंतरचे तीन महिने रुग्णाच्या खात्यात निक्षयसारखी पोषणाची रक्कम जावी. आकडा आपल्या कार्यालयाने ठरवावा, पण त्यात रोजची दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध बसलं पाहिजे. ज्यांना आहारतज्ज्ञ लिहून देईल त्यांना प्रथिनांची पावडर योजनेतून मोफत मिळावी, आणि ती राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने घाऊक दराने घ्यावी. पावडर अर्ध्या चमच्याने पुरवून वापरायची वेळ कुठल्याच घरावर येऊ नये.

बायकांचा विचार वेगळा करा, ही कळकळीची विनंती आहे. आमच्या गल्लीतल्या एक काकू स्तनाच्या कर्करोगाच्या केमोत होत्या. त्यांचं वजन चार किलोंनी वाढलं म्हणून सगळे म्हणायचे, तब्येत छान आहे. त्यांना जिना चढवत नव्हता. चरबी वाढत होती आणि स्नायू जात होते, काट्याला हे दिसत नाही. म्हणून पोटरीची टेप हवी, आणि मुठीची पकड मोजणारं साधं यंत्र प्रत्येक केंद्रात हवं. त्या काकू केमो घेऊन आल्या की संध्याकाळी स्वयंपाकाला उभ्या राहायच्या आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवायच्या. अंडं असलं तर ते मुलाच्या ताटात. रक्कम द्याल तेव्हा ती बाईच्या स्वतःच्या खात्यात द्या, आणि समुपदेशनाला तिच्या नवऱ्याला आणि सासूलाही बोलवा.

शेवटी एक मराठी पुस्तिका हवी, आणि ती पुण्या-मुंबईच्या ताटावरून लिहिलेली नको. रत्नागिरीच्या घरात सुकट आणि सुके बोंबील असतात. त्यांच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग प्रथिनांचा, फक्त मीठ धुवून काढावं लागतं. सोलापूरकडे शेंगदाण्याचं कूट असतं, विदर्भात सोयाबीन घरच्या शेतात असतं. जे मांस-अंडं खात नाहीत त्यांच्यासाठी दही, पनीर, सातूचं पीठ, मोड आलेली कडधान्यं शिजवून घोटलेली. तोंड आलं असताना काय, जुलाब असताना काय, नळीतून काय, आणि डाळीच्या पाण्याखाली राहिलेली डाळ टाकू नका, हे पहिल्याच पानावर.

उपचार संपून सात महिने झाले. आबांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, भाकरी दुधात कुस्करून खातात. पोतं उचलणं संपलं. अडतदारांनी त्यांना दुकानात बसून पोत्यांची तोंडं शिवायचं काम दिलं आहे. बाटलीचे व्यायाम अजून चालू आहेत, आता दोन लिटरची घेतली आहे.

वहीच्या सगळ्या पानांच्या छायाप्रती सोबत जोडत आहे. शेवटच्या पानावर परवाच्या रविवारचा आकडा आहे : ५९ किलो ३०० ग्रॅम. पोटरी ३२.

आपली नम्र,
एका हमालाची मुलगी
सांगली